कल्हईवाल्याचा सिनेमा

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो सिनेमा अजिबात आवडला नव्हता. एक कल्हईवाला गावात येतो, एका म्हातारीच्या अंगणात खड्डा करून भट्टी लावतो आणि अडीच तास तिथून हलत नाही, एवढंच त्यात आहे. मारामारी नाही, लग्न नाही. मी ह्यांना म्हटलं, "कल्हई बघायला टीव्ही कशाला पाहिजे, माझ्या लहानपणी दारात फुकट बघितली."

"दुसऱ्यांदा बघ," हे म्हणाले.

आमचे हे बोटीवर स्वयंपाकी होते. परदेशी मालाच्या मोठ्या बोटी. नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने पूर्णगडला घरी, असा तीस वर्षं संसार केला. शेवटच्या बोटीवर मराठी माणसं तिघंच होती आणि मराठी सिनेमा एकच, हा. जेवणं आटोपली की खलाशी तोच लावायचे, कारण बाकीच्या सीड्या खराब झाल्या होत्या. हे सांगायचे, तिसऱ्या वेळेपासून फिलिपिनो लोकपण हसायला लागले, एक शब्द कळत नसताना. मी म्हटलं, शब्द कळत नाय म्हणूनच हसले असतील. बोट सोडून कायमचे घरी आले तेव्हा ह्यांनी काय आणावं, तर ती सीडी. तीपण चरे पडलेली.

सिनेमा असा आहे. कल्हईवाला रोज दुपार कलली की सामान गोळा करतो आणि म्हणतो, "निघतो, आजी." मग आजी आतून एक पातेलं घेऊन येते. "एवढं एक करून जा." एका पातेल्यासाठी भट्टी पेटवायची म्हणजे उशीर, उशीर झाला की मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत तेच. हळूहळू सगळं गाव भांडी घेऊन येतं. कोणी स्टीलचं आणतो, कोणी ॲल्युमिनियमचं, सरपंच तर देवळातली घंटा उतरवून आणतो. म्हातारीचा मुलगा धुरानं खोकतो, सून पदर नाकाला लावून सासूचा उद्धार करते. मी दुसऱ्या वेळी घंटेला हसले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बायको हसली म्हणून खूश झालेला माणूस कसा दिसतो ते मला कळतं.

तिसऱ्या वेळी म्हणाले, "पातेल्याचा पोचा बघ."

"कसला पोचा?"

"बघ तर."

बघितलं. काठाजवळ पोचा आलेलं पातेलं. ते पहिल्या दिवशी येतं, चार दिवसांनी परत येतं, पुढच्या आठवड्यात परत. एकच पातेलं. आणि मधेच एकदा सून आडावर पाणी काढत असते, तेव्हा तिच्या मागं कोपऱ्यात म्हातारी पाठमोरी बसून काहीतरी घासत असते. सिनेमावाला ती मुद्दाम दाखवत नाही, ती नुसती तिथं असते. विटकरीचा तुकडा घेऊन ती आदल्या दिवशीची कल्हई खरवडत असते. त्या माणसाला काम राहावं म्हणून. त्याची बायको मेलेली, घर नाही, मुलीशी बोलणं बंद. हे तो एकदाच सांगतो, तेसुद्धा भात्याच्या आवाजात, पहिल्या वेळी ऐकूच येत नाही.

"हे तुम्हाला कितव्यांदा कळलं?" मी विचारलं.

"चौदाव्या."

"मला तिसऱ्यांदा कळलं."

"मी सांगितलं म्हणून."

"सांगितल्यावर तरी किती जणांच्या डोक्यात शिरतं," मी म्हटलं.

तेव्हापासून आम्ही तो बघतच राहिलो. सीडी गेली तेव्हा आमच्या मुलानं, अनिलनं, तो पेनड्राइव्हमध्ये घालून दिला. दर वेळी काहीतरी नवीन सापडायचं. सून शिव्या घालते, पण कल्हईवाल्याच्या ताटात मासा तीच मोठा ठेवते. मी चौथी शिकलेली बाई, सिनेमातलं मला काय कळतं. पण स्वयंपाकघरातलं कळतं, आणि तो सिनेमा ज्यानं केला त्यालाही कळत होतं.

मागच्या वर्षी शिमगा झाल्यावर ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पंधरा दिवस रत्नागिरीला दवाखान्यात होते. तिथं एका सकाळी तोंडातून शब्द आला, "निघतो." राजश्री, माझी सून, रडायला लागली, तिला वाटलं बोलायला लागले. पण तेवढाच एक शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादा शब्द शिल्लक राहतो, तो का राहतो ते सांगता येत नाही.

मला सांगता येत होतं. बोटीवर जाताना "जातो" म्हणायचं नाही अशी मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ताकीद दिलेली. म्हणून दर वर्षी उंबऱ्यात पेटी घेऊन उभे राहायचे आणि "निघतो" म्हणायचे.

घरी आणल्यावर सगळ्या कामाला तोच शब्द. पाणी पाहिजे असलं की शेवट वर जायचा, विचारल्यासारखा. लघवीला तुटक. पंखा पाहिजे तर लांब. राग आला की दोनदा, लागोपाठ. राजश्रीला फरक कळायला महिना लागला, मला चार दिवस. आमची चिमा, माझी चुलत जाऊ, बघायला आली. "लवूभावोजी, बरं वाटतंय काय?" हे म्हणाले, "निघतो, निघतो." ती घाबरून उठली आणि भावोजी आजचा दिवस काढत नाहीत म्हणून अर्ध्या वाडीत सांगून आली. मी तिच्या दारात जाऊन सांगितलं, "गो चिमे, ते मरायला निघाले नव्हते. तू कधी निघतंस ते विचारत होते."

मी ह्यांना माझ्या हातानं भरवलं, एक दिवस चुकवला नाही. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि काटे काढून कुस्करलेला मासा. तोंड मिटलं की म्हणायची, "एवढा एक घास." मग आणखी एक. एक घास करत करत वाटी संपवायची. पावसाळ्यात गालावर मांस चढलं. लोक म्हणाले, मथुरानं नवरा परत आणला. मी ते ऐकून घेतलं, नाही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. आता घास गिळता येईना. अन्न श्वासात जायचं, खोकून खोकून निळे पडायचे. छातीत पाणी झालं. परत दवाखाना. नाकातून पोटात नळी घातली आणि घरी पाठवलं. त्या नळीतून पातळ करून घालायचं, दोन-दोन तासांनी. ते काम राजश्रीनं शिकून घेतलं. मी भरवायची ते संपलं.

डाव्या हातानं त्यांनी नळी ओढून काढली. रत्नागिरीला नेऊन परत घातली, नाकातून रक्त आलं. आठ दिवसांनी परत ओढली. तेव्हा तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, हात बांधून ठेवा, दुसरा इलाज नाही. माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, मऊ झालेली. मीच बांधला. राजश्रीला हात लावू दिला नाही. बांधताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीपण गाठीकडेच बघत होते.

मग डॉक्टरांनी सांगितलं की नाकातली नळी अशी फार दिवस ठेवता येत नाही. पोटाला छोटं भोक पाडून तिथूनच नळी बसवायची. मी विचारलं, "मग हे बोलतील? खातील?" ते म्हणाले, नाही. बरे होणार नाहीत. पण काही महिने जातील, कदाचित वर्ष. नको असेल तर तसंही सांगा, दोन्हींत चूक काही नाही. सोमवारी कळवा.

अनिल जयगडला बंदरात कामाला आहे, शनिवारी येतो. आल्या आल्या म्हणाला, "आये, सोमवारी बाबांना न्यायचं."

"न्यायचं. त्यात विचारायचं काय," मी म्हटलं.

माझ्या दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही. नळी नको म्हणायला जीभ कशी उचलेल, हेच मला कळत नव्हतं.

रविवारी दुपारी अनिलनं सिनेमा लावून दिला आणि स्वतः बाहेर ओटीवर जाऊन झोपला. त्यानं तो कधी पुरता बघितलेला नाही, पंधराव्या मिनिटाला मोबाइल काढतो. मी खाटेशेजारी बसले. घंटेचा भाग आला, हे हसले नाहीत. आधी त्या जागी डावा गाल तरी हलायचा.

मी आपली बघत होते. शेवटाला कल्हईवाल्याला मुलीचं कार्ड येतं, ये म्हणून. तो ते कोणाला दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा म्हणतो, "निघतो, आजी." आजी नेहमीसारखी आतून पातेलं घेऊन येते, उंबऱ्यात थांबते, आणि पातेलं पटकन पाठीमागं लपवते. पण पातेलं तिच्यापेक्षा रुंद. दोन्ही बाजूंनी बाहेर. सगळं गाव बघत असतं. इथं सगळ्यात जास्त हसू येतं. बोटीवर इथं फिलिपिनो लोक टेबल बडवायचे म्हणे. मी समजत होते की म्हातारीची चोरी पकडली गेली, तिला लाज वाटली म्हणून लपवलं. दहा वर्षं मी असंच समजत होते.

त्या दिवशी बघितलं की पातेलं लपवायच्या आधी ती अंगणाकडे बघते. क्षणभर अंगण दिसतं. भट्टीचा खड्डा नाही. त्यानं तो बुजवून वरून शेणानं सारवलाय, सारवण अजून ओलं आहे. एवढे दिवस तो रोज निघतो म्हणायचा तेव्हा खड्डा उघडाच असायचा, आत कोळसे धुमसत असायचे. म्हातारीला माहीत होतं की हा जात नाही. आज तिला कळलं की हा खरंच जातोय, आणि तिनं एक शब्द काढला नाही.

हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही दिसलं नव्हतं, की माझ्यासाठी ठेवलं होतं, आता कोणाला विचारणार.

मी वळून बघितलं तर हे टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे.

मी उठले आणि हाताची पट्टी सोडली. मनगटावर वळ उठला होता, तो चोळला. मनात म्हटलं, आता नळी ओढणार, ओढू दे. ओढली नाही. तो हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "निघतो."

वर गेला नाही, तुटला नाही, लांबला नाही. असा मी ऐकला नव्हता.

"पाणी पाहिजे?"

मान नाही अशी हलली.

"लघवी?"

नाही.

"पंखा? कुशीवर करू?"

नाही, नाही.

"दुखतंय?"

ह्याला जरा थांबले. मग नाही.

"अनिलला हाक मारू?"

नाही.

मला त्या शब्दाचे जेवढे अर्थ ठाऊक होते तेवढे विचारून झाले. सवयीनं मी "एवढा एक" असं म्हणायला लागले आणि थांबले, कारण हातात वाटी नव्हती की चमचा नव्हता. मग मला राग आला. दुसरं काही यायच्या आधी मला रागच येतो.

"तीस वर्षं मला विचारून गेलात काय कधी? पेटी भरून झाली की सांगायचात. आणि आता विचारताय?"

डावा गाल हलला. नाकातून हवा बाहेर आली, नळी थरथरली. हसले ते. ते हसणं मी ओळखते, त्यात शंका नाही. बाकीच्यात आहे.

"बरं," मी म्हटलं.

हात परत बांधला नाही.

राजश्रीला आधी सगळं सांगितलं, सिनेमातलं अंगणसुद्धा. अनिल उठल्यावर त्याला सांगितलं. चहाचा कप त्यानं तसाच खाली ठेवला.

"काय बोलतंस, आये?"

"पोटात नळी घालायची नाय. नाकातली आहे तीपण काढायची."

"बाबांनी सांगितलं?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"निघतो म्हणाले."

"पाणी पाहिजे असलं तरी तेच म्हणतात. कूस बदलायची असली तरी तेच. आणि तू त्यावरून ठरवलंस?"

"मी सगळं विचारलं. एकेक विचारलं."

"आणि सिनेमात काय बघितलंस ते सांगत होतीस मघाशी राजश्रीला. एका सिनेमावरून बापसाला उपाशी मारायचा?"

त्याचं चुकत नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर ह्याहून वाईट बोलले असते.

राजश्री दारात उभी होती. ती म्हणाली, "मी नळीतून घालते तेव्हा ते भिंतीकडे तोंड करतात. रोज. मी कुणाला बोलले नाय."

"तू गप ऱ्हा," अनिल म्हणाला.

"ती कशाला गप ऱ्हाईल?" मी म्हटलं. "इतके दिवस तिनं केलंय. तू शनिवारी येऊन बघतोस आणि सोमवारी एसटी पकडतोस. तुझा बापूस आठवड्यातून दोन दिवस आजारी नाय."

हे मी बोलायला नको होतं. बोलले.

सोमवारी अनिल आला आमच्याबरोबर, पण गाडीत पुढं बसला. डॉक्टरांनी मला तीन वेळा विचारलं, सावकाश, वेगवेगळ्या शब्दांत. नळी काढल्यावर काय काय होईल तेही सांगितलं, काही लपवलं नाही. मग कागद पुढं केला. मी सही करते, अंगठा लावत नाही. लग्नापासून ह्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही, पण सहीत ते लिहावं लागतं, माझ्या नावाच्या मागं. त्या पुऱ्या नावाची तीन अक्षरं लिहायला मला फार वेळ लागला. अनिल खिडकीतून बाहेर बघत होता.

नळी काढून घरी आणलं. नऊ दिवस लागले.

पहिले दोन दिवस चेहरा मोकळा होता. मला वाटलं, बरोबर केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "निघतो." शेवट वर गेला. पाणी.

अनिल रजा घेऊन घरीच होता, तिथंच बसला होता. मी कापूस पाण्यात बुडवून ओठाला लावला. त्यांनी तो चोखला. जोरात चोखला, लहान मूल चोखतं तसा. परत बुडवला, परत चोखला.

"बघ," अनिल म्हणाला. एवढंच.

मी कापूस बुडवत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घोट देऊ नका, गुदमरतील, नुसतं ओलं करा. त्या दुपारी मी शंभर वेळा तरी विचार केला असेल की गाडी बोलवावी आणि नळी परत घालून आणावी. राजश्री माझ्या तोंडाकडे बघत होती. मी "बोलव" म्हटलं असतं तर अनिल धावत गेला असता. संध्याकाळपर्यंत त्यांनी मागणं थांबवलं. चौथ्या दिवसापासून शब्दच आला नाही, कसलाच.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेले. राजश्री विहिरीवर होती, अनिल दाढी करत होता. मी शेजारी होते, पण मी त्या क्षणाला कापूस बदलत होते, मान वळवली तेव्हा झालं होतं.

अनिलनं सगळं रीतसर केलं. दहावं, बारावं, तेरावं. कावळा लगेच शिवला, लोक म्हणाले समाधानानं गेले. कावळ्याला भूक लागली होती, असं मी चिमाला सांगितलं. तिनं कानांवर हात ठेवले.

चौदाव्या दिवशी अनिल जयगडला जायला निघाला. पायरीवर बसून बूट घालत होता. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. राजश्री आत होती. मान वर न करता त्यानं विचारलं, "आये, तुला खात्री होती?"

होती म्हटलं असतं तर तो विषय तिथंच मिटला असता. त्याला तेच ऐकायचं होतं. पण आयुष्यभर मी सगळ्यांना तोंडावर खरं बोलत आले आणि पोटच्या पोराशी तेवढं खोटं बोलायचं, हे मला जमेना.

"नव्हती," मी म्हटलं.

बुटाची नाडी त्याच्या हातात तशीच राहिली. "मग?"

"तुलाही नव्हती. कोणीतरी ठरवायला पाहिजे होतं."

"तू पाणी मागताना बघितलंस त्यांना."

"बघितलं."

"तरी गाडी बोलव नाय बोललीस."

"तरी नाय बोलले."

त्यानं नाडी बांधली, दुसरी बांधली, पिशवी खांद्याला लावली आणि एसटीला गेला. वळून बघितलं नाही. मीपण हाक मारली नाही.

आता दर शनिवारी येतो. घराची कामं करतो, माझी औषधं आणतो, बोलतोसुद्धा, कामापुरतं. पण मी वाढलेलं जेवत नाही. राजश्रीनं वाढलं तर जेवतो. पहिल्या शनिवारी मी भाताचा डाव घेऊन गेले तेव्हा त्यानं ताटावर हात आडवा धरला. तेव्हापासून त्याच्या जेवणाच्या वेळी मी मागच्या पडवीत जाऊन बसते, आणि त्याचं जेवण झालं की राजश्री मला हाक मारते.